आबांना शब्द आला

मंगळवारी सकाळी आबांना देवाचा शब्द आला, आणि बुधवार उजाडेपर्यंत घरात त्याचे तीन अर्थ झाले होते.

शब्द एकच होता. "थांब."

आबांनी तो चहाच्या टेबलावर सांगितला, तोही अर्धा चहा संपल्यावर, बशी बाजूला सरकवून. सकाळी लवकर उठून मागच्या कोठीत, धुऊन आलेल्या गाठोड्यांच्या फळ्यांमध्ये स्टुलावर बसायचं आणि देवाशी बोलायचं, हा त्यांचा एकेचाळीस वर्षांचा नेम. "आणि पावणेसातला," आबा म्हणाले, "अगदी स्पष्ट. थांब."

टेबलावर कोणी बोलेना. लाँड्रीवाल्यांच्या घरात शांतता झाली की काहीतरी बिघडलं असं समजतात. यंत्र तरी, नाहीतर माणूस तरी.

"कोणी म्हटलं?" थोरल्यानं विचारलं. लाँड्रीचा गल्ला, पावत्या, हॉटेलांच्या चादरी, सगळं थोरला बघायचा, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत पाठवणाऱ्याचं नाव त्याला आधी लागायचं.

"कोणी म्हणजे? मी कोणाशी बोलत होतो?"

"तसं नाही आबा. मनात आलं, की कानांनी ऐकलं?"

"कानांनी. या कानांनी." आबांनी कानामागच्या मशीनवर बोट टेकवलं. "अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा."

"आवाज कसा होता हो?" जाऊबाईंनी, म्हणजे थोरल्याच्या बायकोनं, टोस्ट हातातच ठेवून विचारलं.

आबांनी डोळे मिटून आठवलं. "कडक. पण मायेचा. आणि जरासा घाबरलेला."

"देव घाबरलेला?" धाकटा म्हणाला. गाडी घेऊन घरोघर कपडे पोचवणारा धाकटा. तोंडाला कुलूप नाही, आणि असतं तरी किल्ली हरवलेली असती.

"माझ्यासाठी घाबरला असेल. तुला काय कळतंय."

धाकटी सून किटली घेऊन आबांच्या मागं उभी होती. तिच्या हातून चहा कपाच्या काठावरून बशीत गेला, बशीतून टेबलावर, आणि टेबलावरून थोरल्या भाऊजींच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर.

"अगं अगं, थांब!" जाऊबाई ओरडल्या.

आणि धाकट्या सुनेनं किटली खाली ठेवली. कारण मंगळवारी पावणेसातला इस्त्रीच्या खोलीत ती होती. तिची तीन वर्षांची चिमणी होती, आणि टेबलावरून वायर लोंबणारी तापलेली इस्त्री होती. चिमणी धावली ती सरळ त्या वायरीकडं. आणि आई ओरडली, जिवाच्या आकांतानं ओरडली. इस्त्रीची खोली आणि कोठी यांच्यामध्ये भिंत अशी नाहीच, फळकुटांचा आडोसा आहे. एरवी आबा प्रार्थनेला बसताना कानाचं मशीन काढून ठेवायचे. देवाला मशीन लागत नाही म्हणायचे. पण सोमवारी भाऊजींनी त्यात नवी बॅटरी घातली होती, आणि आबा ते काढायलाच विसरले होते.

कडक, मायेचा, आणि जरासा घाबरलेला.

ती बाही पुसायला ओलं फडकं घेऊन आली, आणि पुसता पुसता तिला वाटलं, आत्ता सांगावं. तेवढ्यात आबा म्हणाले, "तेव्हा रविवारच्या बैठकीत यापुढं मी प्रार्थना सांगणार नाही. मला थांब म्हटलंय."

मग सांगणं आणखीच अवघड झालं.

रविवारची बैठक म्हणजे या घराचं पाचवं चाक नव्हे, अ‍ॅक्सल होता. दुपारी चारला इस्त्र्या गार झाल्या की अर्धी गल्ली आत यायची, गाठोड्यांवर बसायची, आणि आबा उभे राहून प्रार्थना सांगायचे. पाऊण तास. कोणाचं दुखणं, कोणाची परीक्षा, कोणाचा रुसलेला भाऊ, एकही माणूस सुटायचा नाही. सासूबाई होत्या तोवर त्या मागून सदऱ्याचं टोक ओढायच्या आणि पाऊण तासाचा अर्धा तास व्हायचा. त्या जाऊन सहा वर्षं झाली. आता टोक ओढणारं कोणी नव्हतं.

आणि तीन रविवारांपूर्वी ते झालं होतं. आबांनी डोळे मिटून, भरल्या गळ्यानं, समोरच्या दुकानातल्या शिंपीकाकांच्या आत्म्याला शांती मागितली. शिंपीकाका तिसऱ्या गाठोड्यावर बसले होते. "अजून नाही हो आबा," ते म्हणाले. सगळी खोली हसली. आबाही हसले. पण त्या रविवारी रात्रीच्या जेवणाला ते दोन घास कमी जेवले, हे धाकट्या सुनेनं पाहिलं होतं, कारण वाढत तीच होती.

*

थोरल्याचा अर्थ सरळ होता. थांब म्हणजे बंद कर. "त्यात अर्थ लावण्यासारखं आहे काय? सिग्नलला थांब म्हटलं की आपण काय करतो?"

"तू सिग्नलला थांबतोस, कारण तुला कुठं जायचंच नसतं," धाकटा म्हणाला. त्याच्या मते थांब म्हणजे राहा. "पाहुणा निघाला की आपण काय म्हणतो? थांबा हो, थांबा की जरा. म्हणजे जाऊ नका! आबा, शिंप्याच्या प्रकारापासून तुमच्या मनात सोडायचं चाललं होतं. देव म्हणाला, कुठं निघालास? थांब."

आबांना हा अर्थ आवडला, हे त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं. म्हणूनच बहुधा त्यांनी तो लगेच मान्य केला नाही.

तिसरा अर्थ आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे आबांची थोरली बहीण. वय त्र्याऐंशी, नजर सुईच्या टोकासारखी, आणि जीभ तिच्याहून. गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसून त्या दिवसभर गिऱ्हाइकांची तुटलेली बटणं लावायच्या आणि सबंध गल्लीच्या बातम्या गोळा करायच्या. आबांना अख्खी गल्ली आबा म्हणायची; आत्याबाई 'बाळ्या' म्हणायच्या.

"बाळ्या, थांब म्हणजे थांब. घाई करू नकोस, वाट बघ. तू जन्माचा घायकुता. आईच्या पोटात नऊ महिने धड थांबला नाहीस, सातव्यात आलास. देवानं तेव्हाच म्हटलं असणार, तुला आत्ता ऐकू आलं."

"ताई, अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली होय शब्द पोचायला?"

"तुझे कान असले. त्याचा काय दोष?"

गुरुवारपर्यंत गिऱ्हाइकंही पक्ष घ्यायला लागली. औषधांच्या दुकानातल्या बाई कोट घ्यायला आल्या त्या 'राहा' म्हणून गेल्या. शिंपीकाका उंबऱ्यावरून ओरडले, "आबा, तुम्ही थांबलात तर मला मारणार कोण?" आणि जाऊबाई, ज्यांनी नवऱ्याची बाजू घ्यावी असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, त्या चादरींची घडी घालता घालता धाकट्या सुनेला म्हणाल्या, "ह्यांना बैठक दिली ना, तर प्रार्थनेआधी हजेरी घेतील आणि उशिरा येणाऱ्याला पावती फाडतील. मी धाकट्या भाऊजींच्या बाजूनं आहे, पण आमच्या ह्यांना सांगू नकोस."

सांगायचं नाही अशा गोष्टींचं गाठोडं तिच्याकडं आधीच जड झालं होतं. त्यात ही एक.

शुक्रवारी ती वाळवणीच्या खोलीत चिमट्यांची टोपली आणायला गेली, तर बॉयलरच्या मागून आवाज येत होता. थोरले भाऊजी. हातात फाइल, समोर बॉयलर.

"हे परमेश्वरा, आजच्या या बैठकीच्या प्रारंभी आम्ही सर्व उपस्थित तुझे…" ते थबकले. तिला पाहून त्यांचे कान लाल झाले. "कधी आलीस?"

"आत्ताच. प्रारंभीच."

"कसं वाटलं? खरं सांग."

"छान आहे भाऊजी. म्हणजे… नीटनेटकं आहे."

"पण?"

"पण देवाला अर्ज केल्यासारखं वाटतं. खाली सही करायची राहिलीय असं."

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी फाइल मिटली आणि बॉयलरवर ठेवली, मग गरम आहे हे आठवून उचलली. "मला हौस नाहीये गं," ते हळूच म्हणाले. "तुम्हा सगळ्यांना वाटतं मला बैठक पाहिजे. मला बोलता येत नाही, मला माहीत नाही का? पण त्या दिवशी सगळे हसले ना आबांना… मी मागं उभा होतो. आबा मागं हात नेऊन सदऱ्याचं टोक चाचपत होते. ते परत कोणी हसायच्या आत संपावं, एवढंच मला वाटतं. त्यांनी मान राखून थांबावं. म्हणून हा शब्द आला तेव्हा मी म्हटलं, बरं झालं. देवानंच सांगितलं, मला सांगावं लागलं नाही."

तिच्या हातातली चिमट्यांची टोपली तिला एकदम सिमेंटच्या पोत्यासारखी वाटली.

*

त्या दुपारी ती नवऱ्याबरोबर गाडीत बसून हॉटेलच्या चादरी पोचवायला गेली, मुद्दाम. मागच्या बाकावर चिमणी झोपली होती. तिनं सगळं सांगितलं.

धाकटा इतका हसला की गाडी कडेला घ्यावी लागली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला, मग काचेवर, मग तिच्या खांद्यावर. "म्हणजे गेले चार दिवस सगळं घर तुझ्या आज्ञेत आहे! मी तर लग्नापासूनच आहे, पण बाकीच्यांना आता कळलं."

"अहो, हसू नका. सांगू की नको?"

"सांग! सांगितलंस की आबा म्हणतील, देवानं काही म्हटलेलंच नाही. म्हणजे बैठक चालू. मला तेच पाहिजे."

"आणि आबा ओशाळतील त्याचं काय? अठ्ठ्याहत्तर वर्षांत एकदा देव बोलला म्हणून सांगितलं बिचाऱ्यांनी, आणि ती निघाली सून."

धाकट्याचं हसू उतरलं. "मग नको सांगू."

"आणि न सांगता ते थांबले तर? मी पोरीवर ओरडले म्हणून त्यांनी एकेचाळीस वर्षांचं काम सोडायचं?"

"मग सांग."

"तुम्ही एक काहीतरी म्हणा हो!"

"मी ड्रायव्हर आहे," धाकटा म्हणाला. "कुठं जायचं ते गिऱ्हाईक सांगतं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. एक बाई फुटपाथ धूत होती, पाणी उताराला लागलं होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिल्या रविवारी आबांनी तिच्यासाठी प्रार्थना केली होती. हिला या घरात परकं वाटू नये, आणि वाटलंच तर आमचा दोष आम्हाला दाखव, असं म्हणाले होते. सगळ्यांसमोर. ती गाठोड्यात तोंड खुपसून रडली होती. त्या माणसाला खोट्या शब्दावर गप्प करायचं, की खऱ्या शब्दानं लाजवायचं? यात तिसरं काही आहे का, हे ती शोधत होती. रविवार उजाडला तरी सापडलं नाही.

*

रविवारी दुपारी तीनला ती कोठीत शिरली. आबा स्टुलावर बसले होते, बिनसदऱ्याचे, केस पाणी लावून चापून बसवलेले. शेजारी आत्याबाई त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावत होत्या.

"आबा, थोडं बोलायचं होतं. एकट्याशी."

"मी उठत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "सुईत दोरा आहे. आणि बोल आता. मंगळवारपासून पोटात धरून फिरतेयस, तुझं तोंड बघून माझं पोट दुखायला लागलंय."

मग तिनं सांगितलं. वायर, इस्त्री, चिमणी, फळकुटं, बॅटरी. एका दमात, नजर फरशीवर. संपल्यावरही नजर फरशीवरच.

आबांनी कानाचं मशीन काढलं, तळहातावर घेऊन उलटंपालटं करून पाहिलं, आणि परत घातलं. त्यांचे कान थोरल्या भाऊजींसारखेच लाल होतात, हे तिला तेव्हा दिसलं.

"म्हणजे तो आवाज तुझा."

"हो आबा."

"घाबरलेला होता खरा."

"हो."

आत्याबाईंनी दोरा दातानं तोडला.

"मग?" आबांनी विचारलं.

"मग काय आबा?"

"चिमणी. तू थांब म्हणालीस. ती थांबली का?"

"थांबली की. जागच्या जागी. एक पाय उचललेला होता, तो तसाच धरून उभी राहिली."

"विचारलं नाही तिनं, थांब म्हणजे कुठल्या अर्थानं?"

"नाही."

"चुलत्याला बोलावलं नाही? आत्याबाईंचं मत घेतलं नाही?"

"नाही आबा." तिला हसू फुटायला लागलं होतं, आणि डोळ्यांत पाणीही.

"तीन वर्षांची पोर," आबा म्हणाले. "एका शब्दात थांबली. एक पाय हवेत. आणि मी, एकेचाळीस वर्षं लोकांना देवाचं ऐका म्हणून सांगणारा, पाच दिवस घरात सभा भरवून बसलोय." आणि ते हसायला लागले. आधी खांदे, मग पोट, मग स्टूल. "ताई, ऐकलंस का? सभा!"

"ऐकलं. मी अध्यक्ष होते," आत्याबाई म्हणाल्या.

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "पण आबा, तो शब्द तुमच्यासाठी नव्हताच. तुम्ही सोडायची गरज नाही. मी सगळ्यांना सांगते."

"सूनबाई, बस इथं." ती गाठोड्यावर बसली. "देव इतकी वर्षं माझ्याशी काय टपालानं बोलत होता? तुझ्या सासूच्या तोंडून बोलला, ताईच्या तोंडून बोलला…"

"ते बोलणं नव्हतं, ते शिव्या होत्या," आत्याबाई म्हणाल्या.

"त्याही. शब्द माझ्या नावानं निघाला नव्हता, खरं आहे. पण लागला मला. का लागला?" त्यांनी डोक्यावरचे ओले केस उगाच पुन्हा चापले. "खरं सांगू? गेलं वर्षभर मी रोज इथं बसून विचारतोय, चालू ठेवू ना? त्या 'ना'वर जोर देऊन. उत्तर ऐकायचंच नव्हतं मला, होकार पाहिजे होता. माणूस म्हातारा झाला की लोक म्हणतात, आता हा देवाच्या जवळ पोचला. जवळ कसला! तरुण होतो तेव्हा चुकलो की कोणीतरी टोकायचं. आता कोणी टोकत नाही. सगळे माना डोलवतात. मग स्वतःचाच आवाज देवाचा वाटायला लागतो. त्या दिवशी 'थांब' ऐकलं ना, तेव्हा मला आश्चर्य नाही वाटलं गं. मला वाटलं, सापडलो."

फळकुटांपलीकडं धाकटा गाठोडी सरकवून जागा करत होता. चिमणी त्यातल्या एकावर उड्या मारत असावी, असा आवाज येत होता.

"मग पुढं कोण सांगणार?" तिनं विचारलं. "भाऊजी?"

"ते मला सांगितलेलं नाही. एका शब्दात किती मावणार? मला माझ्यापुरतं सांगितलंय." मग ते थोडे खाली वाकले, ताईला ऐकू जाऊ नये असं, जरी ताई हातभरावर होती. "भीती वाटते, सूनबाई. बोलायचं थांबलं तर माझं तिथं काय काम? नुसतं गाठोड्यावर बसायचं?"

"आम्ही सगळे गाठोड्यावरच बसतो, आबा."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. मग हात पुढं केला, आणि आत्याबाईंनी त्या हातात सदरा दिला.

"माझा अर्थ मी मागं घेते," त्या म्हणाल्या. "वाट बघायला तुझ्याकडं वेळ तरी कुठं आहे."

*

चारला खोली भरली. बातमी गल्लीभर झालेली, त्यामुळे दर रविवारी चाळीस असायचे, आज साठ होते. कपाटांना टेकून, इस्त्रीच्या टेबलांवर पाय लोंबते सोडून, दारात. थोरले भाऊजी पुढं उभे होते, फाइल छातीशी. आबा आले आणि नेहमीच्या जागी, टेबलापुढं, गेलेच नाहीत. मागून दुसऱ्या ओळीत शिंपीकाकांनी जागा केली तिथं, गाठोड्यावर, बसले. खोलीत एक हलका सुस्कारा फिरला.

"आबा," भाऊजी म्हणाले, "सुरू करू?"

"मला काय विचारतोस?"

भाऊजींनी फाइल उघडली. त्यांचे ओठ हलले. 'हे परमेश्वरा' पर्यंत आले असावेत. मग त्यांनी मान वर करून धाकट्या सुनेकडं पाहिलं, कसंनुसं हसले, फाइल मिटली, आणि तेही जवळच्या गाठोड्यावर बसले.

आता पुढं कोणीच नव्हतं.

त्या खोलीत इतकी वर्षं अशी शांतता झाली नव्हती, कारण आबांनी होऊच दिली नव्हती. सुरुवातीला ती अवघडलेली होती. लोक खोकले. कोणाचं तरी पोट गुरगुरलं. मग ती जरा सैलावली. छताच्या पाइपात पाणी उतरत होतं ते ऐकू यायला लागलं. साबणाचा वास, खळीचा वास, साठ माणसांचा श्वास. धाकट्या सुनेला बाजूनं, जरा मागून, आबांची पाठ दिसत होती. पाठ ताठ होती, आणि मानेची शीर उडत होती. किती शब्द अडवून बसला असेल हा माणूस, तिला वाटलं.

"आबा झोपले?" चिमणीनं विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नाही गं," आबा म्हणाले. "जागा आहे."

खोली हसली, आणि त्या हसण्याच्या आडोशानं शिंपीकाका उभे राहिले. टोपी काढली. पुन्हा घातली. पुन्हा काढली. "देवा," ते म्हणाले, "मी शिंपी. अजून आहे. बाकी काही मागायचं नाही, फक्त आभार." आणि बसले.

मग जाऊबाई बोलल्या, बसूनच, आपल्या आईबद्दल, आणि कधी नव्हे ते नवऱ्याबद्दलही दोन शब्द चांगले. औषधवाल्या बाई बोलल्या. दारातला एक माणूस, जो सात वर्षं दारातच उभा राहत आला होता, तो आत आला आणि म्हणाला की त्याला झोप येत नाही, आणि इतकंच म्हणून पुन्हा दारात गेला, आणि लोकांनी सरकून त्याला आत जागा केली. थोरले भाऊजी फाइल न उघडता म्हणाले, "आमचं घर हसतं राहू दे. आम्हाला हसणारंही आणि आम्ही ज्यांना हसतो तेही." यात व्याकरण नव्हतं, पण धाकट्यानं भावाच्या पाठीत अशी थाप मारली की फाइल खाली पडून कागद खोलीभर झाले.

आणि मग आत्याबाई उठल्या. त्या बैठकीत कधी बोलल्या नव्हत्या. घरात बोलणं पुरतं, म्हणायच्या. सुई अजून पदराला टोचलेली होती.

"देवा," त्या म्हणाल्या, "हा माझा भाऊ. बाळ्या."

आबांची मान खाली गेली. धाकट्या सुनेला एकदम कळलं की या खोलीत या माणसासाठी मोठ्यानं प्रार्थना कोणी कधी केलेलीच नाही. करणार कशी? सगळ्यांसाठी मागणारा एकटाच उभा असायचा, आणि तो स्वतःला गाळायचा.

"यानं गल्लीतल्या सगळ्यांचं तुझ्यापाशी मागितलं," आत्याबाई म्हणाल्या. "मेलेल्यांचं मागितलं, जिवंतांचं मागितलं, आणि कधीकधी जिवंतांचं मेलेले समजून मागितलं. त्याला माफ कर. ऐकायला त्याला उशीर लागला, पण ऐकलं. आता तो आमच्यात बसलाय. त्याला आमच्यात करमू दे. एकटं वाटू देऊ नकोस. आणि देवा, त्याचा गुडघा. डावा. जिना चढताना फार दुखतो रे त्याचा, सांगत नाही कोणाला. तेवढा बरा कर."

धाकट्या सुनेनं मान वर केली. सहा महिने रोज सकाळी ती आबांना गरम पाण्याची पिशवी नेऊन द्यायची. दुखत होता तो उजवा.

आबांनी तोंड उघडलं.

तिला बाजूनं दिसलं ते. मान वर आली, ओठ उघडले, एक बोटसुद्धा उचललं गेलं, एकेचाळीस वर्षांची सवय सगळी त्या बोटात. मग बोट हळूहळू खाली आलं. आबांनी तळहात उजव्या गुडघ्यावर ठेवला, ओठ मिटले, आणि डोळे मिटून, बहीण मागत होती तसं सगळं, डाव्यासकट, मागू दिलं.